शिक्क्यापुरते दिवस

दहा वर्षं माझी बायको दर सहा महिन्यांनी पुण्याहून दुबईला यायची. मला भेटायला येते, असं आम्ही लोकांना सांगायचो. पण खरं कारण व्हिसा होता. तिकडचा रेसिडेन्स व्हिसा असलेला माणूस सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिला की व्हिसा आपोआप जातो. म्हणून मुदत संपायच्या आत यायचं, विमानतळावर पासपोर्टवर शिक्का घ्यायचा, चार दिवस राहायचं आणि परत फिरायचं. २००८च्या मंदीनंतर ज्यांनी बायकामुलांना भारतात धाडलं, त्यातल्या पुष्कळ घरांत हा प्रकार चालायचा. दुबईतल्या मनखूल भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टपाशी एखादी बाई बॅग घेऊन दिसली की दुसरी हसून विचारायची, "काय, शिक्क्याला का?"

मंदीत आमच्या ऑफिसातली निम्मी टेबलं रिकामी झाली. माझी नोकरी राहिली, पगार कापला गेला. त्या पगारात घरभाडं आणि मुलीच्या शाळेची फी दोन्ही भागेना. मी बायकोला म्हणालो, "सहा महिन्यांचा प्रश्न आहे. जरा सावरलं की लगेच बोलावतो." मुलगी तेव्हा तिसरीत होती. विमानतळावर तिने विचारलं, "बाबा, आर वी कमिंग बॅक?" मी म्हणालो, "इन्शाल्ला." त्या शहरात राहून लागलेली ही सवय. हो म्हणायचं नसेल आणि नाही म्हणवत नसेल, तेव्हा हा शब्द फार कामाला येतो.

घरातली एक खोली मी एका नाशिककर बॅचलरला दिली. बायको यायची तेव्हा तो आपला टॉवेल, चार्जर उचलून शारजाला मित्राकडे जायचा. ती आली की भाजणीचा डबा, मेतकूट, कुळथाचं पीठ फळीवर चढायचं. फ्रीजरमध्ये आमटीचे डबे रचले जायचे. चौथ्या दिवशी ती जायची आणि पुढचे पंधरा दिवस मी ते डबे एकेक करून संपवायचो. दोनेक वर्षांत पगार सावरला. पण मी तिला कायमची बोलावली नाही. मुलगी तिथल्या शाळेत रुळली आहे, असं म्हणालो. तेही खोटं नव्हतं.

मुलीचा व्हिसा दहावीच्या वर्षी गेला. "बाबा, आय हॅव बोर्ड्स. इट्स जस्ट अ व्हिसा," ती फोनवर म्हणाली. मीही म्हणालो, जाऊ दे, काही बिघडत नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढे बायकोच्या बाबतीत मला ते एवढं सोपं गेलं नाही.

आमची कंपनी ब्रिटिश. पाण्याचे पंप विकायचो. पंप इंग्लंडचा, त्यातली मोटर जर्मनीची आणि आमचं गोदाम दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात. युरोपच्या व्यापारी संघातून बाहेर पडायचं असा कौल २०१६ साली इंग्लंडच्या लोकांनी दिला, तेव्हा आमच्या इंग्रज साहेबाने मोठ्याने सांगून टाकलं, "खलास! आता बघा, सगळं कसं झटपट होतं." झटपट काहीच झालं नाही. पुढची जवळजवळ तीन वर्षं हेड ऑफिसकडून एकच उत्तर यायचं: लेट्स वेट फॉर द व्होट. नवीन माणूस घ्यायचा? व्होट होऊ दे. गोदाम वाढवायचं? व्होट होऊ दे. उद्या सीमेवर माल अडकला तर, या भीतीने त्यांनी आमच्याकडे इतके पंप पाठवून ठेवले की दोन रॅकच्या मधून तिरकं चालावं लागायचं. तिकडे त्यांची पार्लमेंट सरकारने केलेला करारही नाकारत होती आणि कराराशिवाय बाहेर पडणंही नाकारत होती. राहायचं म्हणावं तर कौल आडवा येत होता.

या सगळ्याची सर्वांत जास्त मजा माझे सासरे घ्यायचे. आप्पा. निवृत्त शाळामास्तर. सकाळी पेपर आणि संध्याकाळी टीव्ही, दोन्हीकडून बातमी पक्की करून मला फोन लावायचे.

"काय जावईबापू, तुमच्या मालकांचं काय ठरलं?"

"काही नाही आप्पा, परत मुदतवाढ मागतायत."

"अहो, ह्यांना घटस्फोट हवाय, पण जेवायला रोज तिकडंच बसायचंय! आम्ही वर्गात असल्या पोरांना बाकावर उभं करायचो." मग हसता हसता खोकायचे. खोकला थांबला की हळू आवाजात विचारायचे, "आणि तुमचं? तुमचं काय ठरलं?"

"आमचंही त्यांच्यावरच आहे आप्पा."

मी असं म्हणायचो आणि ते विश्वास ठेवायचे. निदान तसं दाखवायचे.

त्या कौलानंतरच्या तिसऱ्या वर्षी, मार्चमध्ये आप्पांच्या फुफ्फुसात पाणी झालं आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. बायकोची सहा महिन्यांची मुदत त्याच सुमारास भरत होती. तिचा फोन आला.

"अहो, या वेळी राहू दे ना शिक्क्याचं. डॉक्टर म्हणतात धोका नाही, पण मला इथून हलावंसं वाटत नाही."

"चारच दिवस तर यायचंय. तुझा भाऊ आहे ना तिथं?"

"आहे. पण ते मलाच हाक मारतात."

"हे बघ, ऐन वेळी व्हिसा कशाला घालवायचा? करार झाला नाही तर हेड ऑफिसवाले युरोपचा माल इथूनच हलवणार म्हणतायत. मला प्रमोशन मिळेल, तुला इकडंच यायचंय. नवीन व्हिसा म्हणजे चारेक हजार दिरहॅम, पाऊण लाख रुपये झाले. वर मेडिकल, टायपिंग सेंटरात जाऊन अर्ज, पुन्हा सगळी धावपळ."

ती म्हणाली, "बरं. गुरुवारी निघते, सोमवारी परत."

आता जे तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगतो. त्या फोनच्या चारपाच दिवस आधी साहेबाने मला गोदामात बोलावलं होतं. रॅकच्या मधल्या बोळात उभं राहून तो म्हणाला, "हबीबी, हे माझ्याकडून कळलं असं म्हणू नकोस. करार होवो, न होवो, इथलं काम ते एका डीलरला देणार आहेत. वर्षभराची गोष्ट. तू तुझं बघून ठेव." म्हणजे प्रमोशन नव्हतं आणि तिने इकडे राहायला येण्याचा तर प्रश्नच नव्हता. मला ते माहीत होतं, आणि माहीत असूनही मी तिला बोलावलं.

पैशासाठी नाही. पाऊण लाखाचं मी नुसतं बोललो. तिचा व्हिसा गेला असता तर तिकडे माझा एकट्याचाच व्हिसा उरला असता आणि कुणीतरी सरळ विचारलं असतं, मग तू तिथं का आहेस? पुण्यातल्या घरात मी सुट्टीत यायचो तेव्हा चहाची साखर कुठल्या डब्यात आहे ते मला विचारावं लागायचं. मुलगी कॉलेजातून आली की सगळं आईला सांगायची आणि मी दिसलो की "हाय बाबा" म्हणून आत जायची. त्या घरी कायमचं जायची मला भीती वाटत होती. तिच्या पासपोर्टवर शिक्का पडत होता तोवर आमचं काहीच ठरलेलं नव्हतं, आणि ते तसंच राहावं असं मला वाटत होतं. डबा खाताना ऑफिसात आम्ही त्या पार्लमेंटला वेड्यात काढायचो. माझा आवाज सर्वांत मोठा असायचा.

ती गुरुवारी आली. शुक्रवारी सुट्टी होती. मूळ ठरल्याप्रमाणे इंग्लंड त्याच दिवशी संघातून बाहेर पडणार होतं. त्याऐवजी पुन्हा मतदान होतं. संध्याकाळी मी टीव्ही लावून बसलो होतो, ती स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होती. करार तिसऱ्यांदा नापास झाला. मी तिला ओरडून सांगितलं, "परत नाही म्हणाले! आप्पांना फोन लाव, खूश होतील."

तिने हात पुसून फोन उचलला, तर तो तिच्या हातातच वाजला. भाऊ होता. ती फक्त "कधी?" म्हणाली. मग ओट्याशी गेली आणि आधी गॅस बंद केला.

रात्रीच्या विमानाची दोन तिकिटं मिळत होती. ती म्हणाली, "तुम्ही येताय ना?"

"सोमवारी हेड ऑफिसचा कॉल आहे. आता नेमकं काय ठरतंय ते..."

तिने माझं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. "बरं," म्हणाली आणि बॅग भरायला लागली. भावाने तिच्यासाठी थांबवून ठेवलं होतं. शनिवारी ती पोहोचल्यावर अंत्यविधी झाला. सोमवारचा कॉल एक चहा पिऊन होईपर्यंत संपला. अजून वाट बघू, असं ठरलं.

पुढचे सहा महिने आम्ही फोनवर आप्पांच्या पेन्शनचं, मुलीच्या परीक्षेचं, गळणाऱ्या नळाचं बोललो. मुदत भरत आली तेव्हा मी तिला आठवण केली नाही आणि तिनेही विषय काढला नाही. एके दिवशी तिचा व्हिसा गेला, एवढंच. हिवाळा संपता संपता इंग्लंडही एकदाचं संघातून बाहेर पडलं. आमचं ऑफिस त्याआधीच डीलरकडे गेलं होतं. मी दोन बॅगा घेऊन पुण्याला आलो. मेतकुटाचा अर्धा डबा नाशिककराला ठेवला.

साहेबाने गोदामात काय सांगितलं होतं, ते मी बायकोला काही दिवसांपूर्वी सांगितलं. दुपारची वेळ होती, ती मेथी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. डीलरचं, प्रमोशनचं, आणि मला भीती वाटत होती तेही. ती निवडत राहिली. दुसरी जुडी सोडताना म्हणाली, "त्या गुरुवारी निघताना मी दवाखान्यात गेले होते. आप्पा म्हणाले, परत कधी? मी म्हटलं, सोमवारी."

मी देठांचा कागद तिच्याकडे सरकवला.

"हसले. म्हणाले, सोमवारी नक्की ना? का तुम्हीपण मुदतवाढ घेणार?"

तिने देठं वेगळी केली, पानं चाळणीत टाकली.

"मी म्हटलं, नाही आप्पा, नक्की."

मग चाळणी उचलून ती धुवायला घेऊन गेली. मी तिथेच बसून कागदावर पडलेली देठं गोळा केली.