माझ्या नावावर उडालेले तास

विमान चालवायला शिकायचं, हे मी दौंडच्या पार्सल ऑफिसात कारकून असताना ठरवलं. ते ठरवणं सोपं होतं. कुठे शिकायचं ते ठरवण्यात मात्र दीड वर्ष गेलं, आणि त्यातली एक दुपार आठवली की अजून तोंड कडू होतं.

आमच्या घरात शाळेत गेलेला मी पहिला. वडील शिरूरला मिशनच्या आवारात माळीकाम करायचे. मिशनच्या शाळेतल्या हेडमास्तरांनी मला इंग्रजी शिकवलं, कॉलेजचा फॉर्म भरून दिला, आणि बी.ए. होईपर्यंत दर महिन्याला पत्र लिहून अभ्यासाची चौकशी केली. माझ्या आयुष्यात जे काही चांगलं झालं, त्याची सुरुवात त्या माणसापासून होते. कॉलेजात निबंधाला बक्षीस मिळालं, ते मी दहा मिनिटांच्या विमानफेरीत घालवलं. खाली नदी, रस्ता, उसाचे हिरवे तुकडे. खाली उतरलो तो दुसरं काही डोक्यात न शिरणारा माणूस होऊनच.

विमान चालवायला शिकवणाऱ्या दोन क्लबांची माहितीपत्रकं मी टपालाने मागवली. एक जवळचा, बसने जाऊन येण्यासारखा. पण तिथल्या सरकारी अनुदानाच्या जागा भरलेल्या होत्या आणि पूर्ण दर माझ्या पगाराला झेपणारा नव्हता. दुसरा दूर, दुसऱ्या राज्यात. तिथे कमी उत्पन्नाच्या सभासदाला अनुदान मिळून तासाचा दर निम्म्याहून खाली येत होता. आमच्या स्टेशनवर एक वयस्कर गार्ड होते, त्यांना सगळे आप्पा म्हणत. मी दोन्ही पत्रकं त्यांच्यापुढे ठेवली.

"रेल्वेचा पास कशापायी हाय मंग?" ते म्हणाले. "फुकट जा, फुकट ये. उडायला आगगाडीनं जाणारा तू पयलाच."

वडिलांना सांगितलं तेव्हा ते वाफ्यात पाणी सोडत होते.

"पडलं म्हंजी?"

"पडत नाही, आबा."

"बैलगाडी पडती, आन् ते न्हाई पडत व्हय." आणि त्यांनी पुढच्या वाफ्याचं तोंड फोडलं.

हेडमास्तरांनी शिफारसपत्र दिलं. ते शब्द मोजूनमापून लिहीत. हा तरुण गरीब आहे, मेहनती आहे आणि खोटं बोलत नाही, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं. ते पत्र, उत्पन्नाचा दाखला आणि आठवड्याची रजा घेऊन मी निघालो.

क्लबचे सेक्रेटरी पांढऱ्या पॅन्टीतले, गोड बोलणारे गृहस्थ होते. पत्र वाचून ते खूश झाले, मला चहा दिला, आणि त्याच दुपारी शिक्षकाबरोबर वीस मिनिटं वर पाठवलं. दोन आसनांचं, कापडी पंखांचं जुनं विमान. शिक्षकाने दोन मिनिटं दांडा माझ्या हातात दिला. नाक वर गेलं, खाली आलं, आणि ते मी केलं होतं. उतरलो तरी मी मनाने अजून वरच होतो. त्याच अवस्थेत सेक्रेटरींनी जाड वही पुढे केली आणि बोट ठेवत गेले, "यहाँ, यहाँ और यहाँ."

मी तिन्ही ठिकाणी सह्या केल्या. आंब्याच्या करंडीची पावतीसुद्धा पुरती वाचल्याशिवाय सही न करणारा मी.

शाई वाळवताना वाचलं. पहिल्या ओळीत आजची वीस मिनिटं होती. पुढच्या दोन ओळींत दीड-दीड तास, गेल्या आठवड्यातल्या तारखांचे. त्या तारखांना मी दौंडला करंड्यांचं वजन करत होतो. चूक झाली असेल म्हणून मी ते दाखवलं, तर सेक्रेटरींनी मला शांतपणे समजावलं. समोर मैदानावर एका कारखानदाराची दोन मुलं सिगारेट ओढत उभी होती. ती रोज उडत. त्यांना अनुदान मिळत नाही, म्हणून त्यांचे तास माझ्यासारख्यांच्या नावावर लिहायचे, अनुदान क्लबने घ्यायचं, आणि दर चार तासांमागे एक तास आम्हाला फुकट. शिवाय वहीत माझे तास वाढणार, परवाना लवकर मिळणार. याहून स्वस्त शिक्षण देशात कुठे नाही, असंही ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

मी पानं मागे उलटली. शाळामास्तर, टपाल कारकून, कंपाउंडर. सगळी आमच्यासारखी नावं. त्यांतला टपाल कारकून बाकावरच बसला होता. माझ्याच वयाचा, कॉलर उसवलेली. "मेरे चालीस घंटे हो गये," तो समाधानाने म्हणाला. एकट्याने किती वेळा गेलास, असं मी विचारलं. एकदाही नाही, म्हणाला, आणि हसला. मला कारखानदाराच्या मुलांपेक्षा, सेक्रेटरीपेक्षा त्या हसण्याची जास्त किळस आली. तसं हसायला आणखी चार फेऱ्यांत मीही शिकलो असतो.

माझ्या दोन ओळी खोडा, असं मी म्हटलं. वहीत खाडाखोड चालत नाही, तसा नियम आहे, असं उत्तर आलं. त्या वहीत एवढाच नियम पाळत होते.

दौंडला परतल्यावर आप्पांना सांगितलं, तर ते कपाळाला हात लावून म्हणाले, "आमच्या गावात बांधाच्या कामावर मेलेल्याची हजेरी लागती. तू तर जित्ता हायस. काय बिघडलं असतं?" मी त्यांच्याशी महिनाभर नीट बोललो नाही.

हेडमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. "सही वाचून केलीस?"

"नाही, सर."

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "तक्रार कर. पण आधी तुझ्या सहीचं लिही, मग त्यांचं."

मी चार वेळा अर्ज लिहायला बसलो. पहिलं वाक्य माझ्या सहीचं यायचं आणि तिथेच मी कागद फाडायचो. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्याहून जास्त, त्या वाक्यातला माणूस मला बघवत नव्हता. अर्ज गेला नाही. माझं नाव यादीतून काढा, एवढं एक पत्र मी क्लबला पाठवलं. उत्तरादाखल त्यांच्याकडून दाखला आला, एकूण उड्डाण तीन तास वीस मिनिटं, आणि पुढच्या खेपेचं आग्रहाचं निमंत्रण.

काही महिन्यांनी मी जवळच्या क्लबात पूर्ण दराने नाव घातलं. फॉर्म भरायला गेलो तेव्हा तो दाखला माझ्या खिशात होता. का नेला, हे मला आजही धड सांगता येणार नाही. पैसे काढताना तो बाहेर आला, तिथल्या कारकुनाने माझ्या हातात पाहिला आणि खूश होऊन म्हणाला, "अहो, हे आधी दाखवायचं. एवढे तास धरले तर तुमचे तेवढे पैसे वाचतील की."

"वीस मिनिटं लिहा," मी म्हणालो.

"इथे तर तीन तास वीस..."

"वीस मिनिटं."

वेड्याकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं आणि वीस मिनिटं लिहिली. पुढच्या तीन वर्षांत मी पगारातून सात तास उडालो. परवान्याला ते कुठेच पुरत नव्हते, आणि मग माझी बदली झाली. त्या दूरच्या क्लबाचे दाखले आणखी दोन वर्षं येत राहिले. शेवटच्या दाखल्यात माझे एकतीस तास झाले होते.