हडळीकडे पाठ करून

साऱ्या भोर संस्थानाला एकट्यानं घाम फोडील असा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे आमचे आतोबा, आत्याचे यजमान. अंगापिंडानं म्हणाल तर वाळकी शेवग्याची शेंग, पण आवाज काय विचारता! ते कचेरीत पट्टेवाले होते. ओसरीवर उभं राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा केला, की फिर्यादीसुद्धा आपणच गुन्हा केल्यासारखा मान खाली घालून आत जायचा. घरी मीठ मागायचं तरी पुकाराच. "अवो, मला बहिरी करताय का?" असं म्हणत आत्या दुसऱ्या हाकेपर्यंत मुद्दाम मीठ वाढायची नाही.

बोलपट यायच्या आधी नीरेकाठच्या मोकळ्या रानात एक तंबूवाला मूकपट घेऊन यायचा. पडद्यावर मधेमधे अक्षरं उमटायची आणि ती वाचता येणारी माणसं तंबूत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून तंबूवाल्यानं आतोबांना पडद्याशेजारी उभं केलं. एकदा विहिरीतल्या हडळीचा मूकपट आला. आतोबांनी अक्षरं तोंडपाठ केली, वर हडळीच्या तोंडी पदरची एक हाक घातली, "येऽऽ गं येऽऽ, तुजीच वाट बगत्ये!" बाजाराला आलेल्या वेल्ह्याकडच्या बायका पुढं कितीतरी दिवस पाण्याला एकट्या जाईनात. गंमत अशी, की ती हडळ खुद्द आतोबांनी कधी पाहिलीच नाही. पडद्याला पाठ आणि लोकांकडे तोंड. समोरचे डोळे मोठे झाले, की हडळ आली असं समजून हाक द्यायची. मागं वळून बघा की, म्हटलं तर म्हणायचे, "तोंड फिरवल्यावर आवाज पडद्याला ऐकू जानार. लोकांनी काय करायचं?"

दुसऱ्या दिवसापासून आतोबांची चौकशी सुरू. "भ्यालास न्हवं? कुठं भ्यालास? पोटात, का पायात?" पोटात भिणारा जागीच बसतो आणि पायात भिणारा पळतो, असं त्यांचं शास्त्र होतं. एकदा दाढी करून घेताना त्यांनी न्हाव्यालाच हे विचारलं. बिचाऱ्याला नुसत्या आठवणीनं कापरं भरलं आणि आतोबा हनुवटीला कापूस लावून कचेरीत गेले. पण स्वारी खूश! "त्यो हातात भेतो," येईल त्याला सांगत होते, "ह्यो प्रकार नवीनच हाय."

पुढं काही वर्षांनी तीच कथा बोलपट होऊन आली. इंजिन, कर्णा, सगळा थाट. आता पडद्याशेजारी कुणी नको होतं. भोरात उभे दोन तट पडले. पोरं म्हणायची, नव्या हडळीचा नुसता श्वास ऐकला तरी अंगावर काटा येतो. म्हातारे म्हणायचे, "पेटीवर गाणं म्हणनारीला कोन भेतंय?" कारण नवी हडळ विहिरीत बसून चक्क गात होती. आतोबा दोन्ही तटांत फिरले, प्रत्येकाला खोदून खोदून विचारलं. शेवटी मला म्हणाले, "तू शिकलेला हायस, खरं सांग. तवा लोकं हडळीला भ्यायची, का मला?"

मी संध्याकाळच्या खेळाला त्यांना घेऊन गेलो. तिथंही सवयीनं पडद्याला पाठ करूनच बसले. समोर पासली गावची एक म्हातारी होती. "अवो पावनं, तोंड फिरवा की! आमाला काय बगताय?" ती करवादली. आतोबा ढिम्म. हडळ यायची वेळ झाली, पण लोक गाण्यावर माना डोलवत होते. एकाचाही डोळा मोठा होईना. आतोबा बुचकळ्यात पडले आणि आयुष्यात पहिल्यांदा वळले. अख्ख्या पडद्याभर हडळीचं तोंड! असे दचकले, की पोटातून जुनीच हाक बाहेर पडली, "येऽऽ गं येऽऽ!"

काय सांगू, अर्धा तंबू उठून उभा! पानवाला कनातीखालून बाहेर पळाला, पोरांनी भोकाड पसरलं. पासलीची म्हातारी छातीवर हात ठेवून ओरडली, "आगं बया! हीच ती! मागल्या येळची हडळ हीच!"

परतताना आतोबा लहान मुलासारखे खुलले होते. "मलाच भ्यायची की रं!" असं चारदा म्हणून झालं. मग पुलावर एकाएकी थांबले. "मागली हडळ दिसायला कशी व्हती? तू तर बगितलीस." तो मूकपट आता कुठं राहिलाय, कुणाला ठाऊक!

"नाही हो आतोबा. तुमची हाक आली, की मी आत्याच्या पदरात तोंड खुपसायचो."

"मग तुज्या आत्यानं तरी बगितली आसंल."

"तिनं कुठली बघितलीय? ती सगळा वेळ तुमच्याकडंच बघत बसायची."

घरी जेवायला बसल्यावर आतोबांनी मीठ मागितलं, ते इतक्या हळू आवाजात, की त्यांना जन्मात कधी न भ्यालेली आत्या घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून बघू लागली.