चार्जिंग रूममधला हिरवा दिवा

गोदामात त्यांना सगळे ‘पाणीवाले’ म्हणतात. खऱ्या नावाने हाक मारणारा एकटा हजेरीचा कारकून, तोही महिन्यातून एकदा. माल उचलणाऱ्या अकरा फोर्कलिफ्ट आहेत आणि प्रत्येकीच्या पोटात चोवीस खणांची, म्हशीएवढी जड बॅटरी. खणांची बुचं काढायची, शुद्ध पाणी घालायचं आणि काचेच्या पिचकारीत थोडं ॲसिड ओढून ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडचा दाटपणा, बघायची. पिचकारीतली आकड्यांची तरंगती नळी बाराशे ऐंशीला तरंगली तर बॅटरी भरलेली, अकराशे पन्नासपर्यंत बुडाली तर रिकामी. हे काम ते बावीस वर्षं करत आहेत. आता वय छप्पन आहे आणि करार दरवर्षी नवा होतो. त्यांच्या सगळ्या पँटी गुडघ्यापासून खाली ॲसिडने जाळीदार झालेल्या आहेत. “घरात चाळणी नाही म्हणून अडत नाही,” असं बायको म्हणते.

जुन्या चार्जरला दिवाच नव्हता. एक काटा आणि एक खटका होता. खणांत आधण आल्यासारखे बुडबुडे उठू लागले, तासातासाने तीनदा ग्रॅव्हिटी बघितली आणि ती हलेनाशी झाली, की पाणीवाले खटका पाडत. चार्जिंग कधी संपलं हे तेच ठरवत. त्या खोलीत तेवढाच एक निर्णय असे आणि तो त्यांचा असे.

मागच्या वर्षी भिंतीवर नवे चार्जर आले. पिवळा दिवा म्हणजे चार्जिंग चालू, पिवळ्याची उघडझाप म्हणजे संपत आलं, हिरवा म्हणजे झालं. हिरवा लागताच करंट आपोआप बंद होतो.

या चार्जरला बॅटरीच्या आतलं दिसत नाही. व्होल्टेज किती चढला आणि करंट किती उतरला, एवढंच तो पाहतो. व्होल्टेज ठरलेल्या जागी पोचून करंट ठरलेल्या आकड्याखाली गेला, की त्याच्या मते काम संपलं. चांगल्या बॅटरीत हे बरोबर ठरतं. जुन्या बॅटरीच्या पट्ट्यांवर मात्र पांढरा थर धरलेला असतो. ती करंट घेतच नाही, व्होल्टेज उगाच झरझर चढतो आणि दिवा हिरवा होतो. पोट भरलं म्हणून ताट बाजूला सारलं, की घास गिळवत नाही म्हणून, हे चार्जरला कळत नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला गाड्या वाटेत बसू लागल्या.

“दिवा हिरवा होता की नव्हता?” साहेबांनी विचारलं.

“होता साहेब, पण...”

“मग बॅटरी भरलेली होती. तुम्ही पाणी कमी घातलं असणार.”

पहिला मेमो मिळाला, पाठोपाठ दुसरा. तिसरा मिळाला की करार पुढे होत नाही, हे गोदामात झाडूवाल्यालाही माहीत आहे. आणि अशी चार्जिंग रूम गावात दुसरी कुठे उरलेली नाही.

सात नंबरची गाडी त्यांचा मेहुणा चालवतो. एका दुपारी ती काचसामानाचं ओझं वर धरून रॅकखाली थांबली.

“दाजी, तुमच्या म्हातारीने बसकण मारली!”

“दिवा बघून नेलीस ना?”

“हिरवा बघूनच नेली. कंदील हिरवा झाला की गाडी सोडायची. तिची नाडी बघत बसायला मी काय वैद्य आहे?”

त्या दिवसापासून पाणीवाल्यांनी एक वही लिहायला घेतली. दिवा किती वाजता हिरवा झाला आणि त्या वेळी ग्रॅव्हिटी किती होती. अठरा दिवस लिहिलं. सात नंबर चाळीस मिनिटांत हिरवी व्हायची, अकराशे नव्वदवर. प्लग काढून परत लावला की वीस मिनिटांत पुन्हा हिरवी. मग त्यांनी भंगारात पडलेला जुना चार्जर परवानगी काढून लावला आणि सुट्टीच्या दिवशी बसून सात नंबरला हळूहळू तीस तास करंट दिला. नळी बाराशे पस्तीसपर्यंत वर आली. दुसऱ्या दिवशी गाडीने पूर्ण पाळी ओढली.

पाणीवाल्यांनी वही साहेबांमार्फत मुख्य कचेरीत पाठवली आणि तिथून इंजिनियरबाई आल्या. त्यांनी वही उलटसुलट वाचली, हातमोजे चढवले आणि समोर हिरवा दिवा जळत असताना चोवीसही खण स्वतः तपासले.

“काका, तुमचं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “तुमची चूक नाही, आणि तसं मी लिहून देणार आहे.”

त्यांनी खरंच तसं लिहून दिलं. दोन्ही मेमो मागे घेतले गेले. बारा दिवसांनी साहेबांनी पाणीवाल्यांना बोलावलं आणि बाईंच्या कागदातला उरलेला भाग वाचून दाखवला. अकराही बॅटऱ्या निकामी ठरवण्यात येत आहेत. त्यांच्या जागी सीलबंद बॅटऱ्या येतील. त्यांना बूच नसतं, पाणी लागत नाही, ग्रॅव्हिटी बघायची सोय नसते. चार्जर रॅकजवळच बसतील. चार्जिंग रूममध्ये रिकामी खोकी ठेवण्यात येतील.

“मी बॅटऱ्या फेका म्हणालो नव्हतो,” पाणीवाले म्हणाले. “दिवा खोटं सांगतो, एवढंच म्हणालो होतो.”

“एकच झालं ना? अठरा दिवस तुम्हीच लिहिलंत,” साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. कागदाखाली पाणीवाल्यांच्या वहीचा आभारपूर्वक उल्लेख होता, तोही त्यांनी वाचला.

जेवणाच्या सुट्टीत मेहुणा जवळ येऊन बसला. “दाजी, गप्प बसला असतात तर?”

“तिसरा मेमो.”

“म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.”

“विहीर मीच खणली,” पाणीवाले म्हणाले आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. डबा तसाच भरलेला होता.

घरी बायको रोज विचारत होती, तसं तिने आजही विचारलं. “पटलं का त्यांना?”

“पटलं.”

“सगळं?”

“शब्दन् शब्द.”

“मी म्हणत नव्हते? तुम्हीच उगाच धास्ती घेतलीत.” तिने लगेच भावाला फोन लावला. “ऐकलंस का रे? तुझ्या दाजींचंच खरं निघालं!” मग ती पलीकडचं ऐकत नुसती ‘हं’ म्हणत राहिली.

फोन ठेवून ती त्यांच्यासमोर येऊन बसली.

“कधीपासून?”

“एक तारखेपासून.”