हाळी जिथं थांबली

सगुणाचा आवाज गोड होता असं कुणीच म्हणणार नाही. तो मोठा होता. पेणजवळच्या गडब गावाच्या खाली, खाडीच्या अंगाला तिचं गाव. मातीचा एक लांबलचक बांध, त्याच्या अलीकडे भातशेती आणि पलीकडे खाडीचं खारं पाणी. बांध फुटला की पाणी शेतात शिरतं, आणि मग दोन-तीन वर्षं त्या मातीत भाताचं रोप तग धरत नाही. म्हणून उधाणाच्या दिवसांत बांधावर राखण असायची. आधी सगुणाचा सासरा करायचा, मग नवरा. नवरा गेल्यावर आता हे काम कोण करणार अशी गावकीत कुजबुज सुरू झाली, तेव्हा ही पदर खोचून उभी राहिली. म्हणाली, "का? मी मेलेय काय?" विषय तिथंच मिटला.

पाणी पाझरताना दिसलं की राखणदारानं हाळी द्यायची. बांधाजवळच्या पहिल्या घरानं 'ओ' द्यायची आणि तीच हाळी दुसऱ्या घराला द्यायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला. गाव बांधाला धरून लांबवर पसरलेलं; एका गळ्याचं ते काम नव्हे. पण अशी घरोघर सरकत हाळी शेवटच्या उंबऱ्यापर्यंत पोचायची आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन धावत सुटायचा. हाळी ऐकून जो गप्प बसेल, त्याच्या घरच्या लग्नाला कुणी पाऊल टाकायचं नाही, इतका नियम कडक होता.

मग गावात मोबाइलचा टॉवर आला. गावातल्याच कान्हूला तिथं पहारेकऱ्याची नोकरी लागली. त्यानं सगुणाला समजावलं, "काकी, ह्यो पेणच्या टावरचं ऐकतो आन् नागोठण्याकडच्या टावरला सांगतो. मधला एक गप झाला का पुढं काय जात नाय."

"मंग ही आमचीच हाळी की रे," सगुणा हसली, "नुसती लोखंडाची!"

पण गावाला लोखंडाची जास्त आवडली. गावकीचा अध्यक्ष पुंडलिक, ज्याला सगुणानं लहानपणी कडेवर खेळवलं होतं, तो तिच्या हातात फोन ठेवून म्हणाला, "काकी, आता बोंबलायचं बंद. ह्ये बटन दाब, माझा फोन वाजंल. पुढं मी सगल्यांना कलवतो." लोकांनी माना डोलावल्या. सगुणाला ते 'बोंबलायचं' फार लागलं. तीन पिढ्यांच्या राखणीला हा शब्द!

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी उधाण आलं. वीज आदल्या दिवसापासून गेलेली. टॉवर जनरेटरवर चालायचा, पण डिझेलची गाडी आलीच नाही. कान्हू बिचारा आदल्या दिवशी सांगून सांगून थकला होता. कंपनीच्या साहेबांनी 'बघतो' म्हटलं आणि काही बघितलं नाही. सकाळी जनरेटर धापा टाकत बंद पडला. गावातले सगळे फोन मुके झाले.

सगुणा बांधावर होती. एका खेकड्याच्या बिळातून पाणी उसळताना तिला दिसलं. तिनं पायानं चिखल दाबला, मग पेंढा कोंबला. फोनचं बटन दाबलं, पुन्हा दाबलं. काही नाही. तेव्हा मेल्या फोनला शिवी हासडून तिनं तो कमरेला खोचला आणि छाती फुटेस्तोवर हाळी दिली.

पहिल्या घरातून मालूनं ओ दिली. तिनं हौसाच्या घराला हाळी दिली, हौसानं पुंडलिकच्या घराला. तिथून पुढं काही गेलं नाही. दोन घरची माणसं तेवढी फावडी घेऊन आली. आणखी दहा हात असते तर बांध वाचला असता. त्यांच्या डोळ्यांदेखत माती खचली आणि खाडी आत आली. सगळ्यात आधी पुंडलिकचं शेत बुडालं, मग सगुणाचं, मग गावाचं.

संध्याकाळी देवळात बैठक बसली. कंपनीला शिव्या घालून झाल्या, आणि त्या घालायलाच हव्या होत्या. कान्हूवर ओरडून झालं, ते मात्र उगाच. मग पुंडलिक सगुणाकडं वळला. "काकी, फोन का नाय केलास गो?"

सगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. साडी अजून चिखलानं भरलेली होती.

"लागतच नव्हता, तर करू कसा? हाळी दिली. हौसानं तुझ्या दारात दिली. तू ऐकली का नाय, ता सांग."

पुंडलिकनं मान खाली घातली. "ऐकली. पन फोन नाय वाजला, म्हनून मला वाटलं, खरं काय नसंल."

सगुणानं कमरेचा फोन काढून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"टावर गप झाला, त्याच्यातला डिझेल संपला होता," ती म्हणाली. "तू तर नारलीभात खाऊन बसला होतास. तू कशापायी गप झालास?"

तिनं बोलणं संपवलं आणि वाट पाहिली. त्या भरल्या देवळात कुणीही ओ दिली नाही.