कुंकवाखालचा कागद

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. देवापुढेही नाही — तिथे आपण मागायला जातो, सांगायला कोण जातं? तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर तुमच्यापुढेही मी शहाणपणाच मिरवला असता.

रत्नागिरीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ऐंशीचं दशक उताराला लागलं होतं, घरोघर टीव्ही आले होते, आणि टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम नावाचं नवं खूळ मुंबईहून आमच्याकडे उतरलं. काळ्या प्लॅस्टिकचा डबा, दोन दांडे, वरच्या खाचेत खोचायची एक कॅसेट. पडद्यावर पांढरा ठिपका इकडून तिकडे जायचा आणि चांगले मिशीवाले बाप्ये त्याच्यामागे बोंबलत बसायचे. मला त्यांची कीव यायची. ती कीव मी तोंडावर दाखवत नसे, कारण डबा बिघडला की ते माझ्याकडेच येणार होते.

आणि तो बिघडायचाच. कंपनीचं नाव सांगत नाही — ती कधीच बुडाली, आणि बुडाली ते बरंच झालं. गावात चार डबे आले, त्यातले तीन महिन्याभरात माझ्या टेबलावर. कंपनीनं मला ‘अधिकृत सेवा केंद्र’ असा पत्र्याचा बोर्ड दिला होता. त्यासाठी मुंबईला बोलावून अर्धा दिवस बसवलं, एक समोसा दिला आणि एक इंग्रजी चोपडं हातात ठेवलं. झालं प्रशिक्षण. मी तो बोर्ड दुकानावर लावला आणि त्याच्याखाली उभा राहून फोटो काढून घेतला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच.

तक्रार आली की एक फॉर्म भरून मुंबईला पाठवायचा. डबा उघडायचा नाही, सील तोडायचं नाही, फक्त बाहेरून बघून बिघाडाचं कारण लिहायचं. बाहेरून बघून! डॉक्टरनं सदरा बघून ताप सांगावा तसं. कारणाच्या जागी ‘मालातला दोष’ लिहिलं की कंपनीचं पत्र यायचं — हे कळवा, ते कळवा, असा दोष आमच्याकडे संभवत नाही. ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’ लिहिलं की सगळं सुरळीत. शिवाय मालाबद्दल फार कुरकुर करणाऱ्याचा बोर्ड काढून नेतात, असं त्यांच्या माणसानं समोसा खाता खाता सांगून ठेवलं होतं. पहिल्या दोन डब्यांच्या वेळी मी खरं लिहिलं आणि त्या पत्रांना उत्तरं देता देता टेकीला आलो. तिसरा डबा नानाचा.

नाना आमच्याच आळीतला, माझ्याच वयाचा. आंब्याच्या बागा, आवाज मोठा, अक्कल बेतास बात. दसऱ्याच्या दोन दिवस आधी त्यानं गेम आणला. दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा करतात. त्याच्या बायकोनं — सुमनवहिनीनं — फवारणीचा पंप, नानाची स्कूटर, स्वतःचं शिलाई मशीन यांच्या ओळीत तो डबाही मांडला, झेंडूचं फूल वाहिलं, हळदकुंकू लावलं. चौथ्या दिवशी डबा बंद.

नाना तो बगलेत मारून दुकानात आला आणि चार माणसांसमोर माझा उद्धार करू लागला. कसलं तुझं सेवा केंद्र, फसवता लोकांना, बोर्ड काढ तो. मी डबा हातात घेतला. कॅसेटच्या खाचेपाशी कुंकवाचं बोट उमटलेलं होतं, वाळलेलं. आणि माझ्या तोंडून गेलं — कुंकू आत गेलंय.

बघा, किती सोपं असतं.

नाना क्षणात थंड झाला. माझ्यावरचा राग त्यानं अलगद उचलला आणि घरी नेला. जाताना दुकानातल्या सगळ्यांना ऐकवून गेला, “आमच्या हिनं पूजा केलीन् त्याची. देव समजली त्याला.” लोक हसले. मीही हसलो. मग फॉर्मवर लिहिलं : पूजेतील कुंकू आत गेल्याने बिघाड, ग्राहकाचा निष्काळजीपणा. खाली सही, सहीखाली शिक्का. एकही स्क्रू न उघडता.

पुढे कित्येक दिवस चहाच्या टपरीवर मी हा किस्सा रंगवून सांगत होतो. बायकांना कशालाही कुंकू फासायची हौस, असं म्हणत होतो. तुम्ही म्हणाल, हे एवढंसं खोटं, त्याचं काय घेऊन बसलात? थांबा. मी अजून त्याच्यापर्यंत आलेलोच नाही.

दोन महिन्यांनी कंपनीचं उत्तर आलं — वॉरंटी रद्द, डबा ग्राहकाला परत करावा. आता सील तुटलं काय आणि राहिलं काय. दुपारी दुकानात कोणी नव्हतं, मी स्क्रू काढले. आत कुंकवाचा कण नव्हता. नवा करकरीत, स्वच्छ. एका तारेचा सोल्डरचा डाग फक्त नीट बसलेला नव्हता. सोल्डरिंग करणाऱ्यानं मुंबईतच वेळ मारून नेली होती. मी सोल्डरिंग आयर्न तापवून टेकवला आणि पाच मिनिटांत डबा चालू झाला. दुकानातल्या टीव्हीला जोडून मी तासभर तो ठिपका मारत बसलो. होय, मीच. मजा आली.

आणि मग मला भीती वाटली. चालू डबा परत केला तर नाना विचारणार, कुंकवानं जळलेला चालू कसा झाला? टपरीवरचे विचारणार. सहीशिक्क्यानिशी लिहिलेलं खोटं आहे हे गावभर होणार. मग मी काय केलं असेल?

आयर्न पुन्हा तापवला आणि तो डाग सोडवला. आपल्या हातानं दुरुस्त केलेलं यंत्र आपल्या हातानं मोडलं. स्क्रू घट्ट केले आणि डबा नानाकडे पाठवला, दुरुस्त होण्यासारखा नाही असं सांगून. चार भिकार डबे विकणाऱ्या कंपनीला मी आयुष्यभर नावं ठेवली. तिनं निदान मुद्दाम मोडले नव्हते.

तरी अजून एक संधी मला मिळाली. आठवडाभरानं सुमनवहिनी एकटी दुकानात आली. बाजाराची पिशवी तिनं टेबलावर ठेवली नाही, हातातच धरून उभी राहिली. घरात काय चाललंय ते मला आमच्या आळीतून कळलेलंच होतं. सासूनं पूजेचं तबक तिच्या हातून काढून धाकट्या जावेला दिलं होतं. नव्या पंपाला कुंकू लावायचं होतं, तेव्हा सासू सर्वांसमोर म्हणाली होती, “हिचा हात नको गो लावू देऊ.” कुंकू आत गेल्याची गोष्ट केव्हाच मागे पडली होती. आता तिचा हातच वाईट ठरला होता. सवाष्ण बाई ती, तिच्या कुंकवाला नावं ठेवली गेली.

“भावजी, खरं सांगा,” ती म्हणाली, “माझ्या कुंकवानंच झालं ना ते?”

दुकानात कोणी नव्हतं. कोणी ऐकणारही नव्हतं. एक शब्द पुरे होता. मी म्हणालो, “होय वहिनी. थोडं आत गेलं होतं.”

ती रडली नाही, भांडली नाही. तिनं मान हलवली आणि विचारलं, “मग कसं लावायचं, म्हणजे आत जायचं नाही?”

काय सांगू तुम्हाला? मला तेव्हाही लाज वाटली नाही, सल्ला मागितला म्हणून बरं वाटलं. मी गंभीरपणे म्हणालो, “आधी कागदाचा तुकडा ठेवावा. कुंकू कागदावर लावावं.”

त्याला आता पस्तीसेक वर्षं झाली. दर दसऱ्याला मी आपट्याची पानं घेऊन नानाकडे जातो. पंप, मिक्सर, फ्रिज, शिलाई मशीन — प्रत्येकावर कागदाचा चौकोनी तुकडा आणि त्याच्यावर कुंकू. पूजा जाऊच करते. वहिनी कोपऱ्यात बसून शिलाईच्या कात्रीनं कागद कापून देते. आळीतल्या आणखी दोन-तीन घरांनीही ती रीत उचलली आहे.

गेल्या दसऱ्याला दारात नवी गाडी होती. पूजेला नानाची नवी सून. तिनं कुंकवात बोट बुडवलं, बॉनेटकडे हात नेला, तशी वहिनी पायरीवरून घाईनं म्हणाली, “कागद ठेव हो आधी. आत जातं.” सून हसली. गाडीत कुंकू कुठून जाणार? वहिनीनं माझ्याकडे बोट केलं. “माझ्या हातून एकदा झालंय. विचार या भावजींना, त्यांनी उघडून बघितलंन् होतं.”

सुनेनं माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. सुनेनं कागद ठेवला.