लुर्दीनबाय

कुणाच्याही घरी गेली की लुर्दीनबाय आधी खळ्यातच, म्हणजे पुढच्या अंगणातच, उभी राहायची. घरातला कर्ता पुरुष खुर्ची पुढे करायचा, सून पाण्याचा तांब्या आणायची, पण ही बसायची नाही. आपण जिच्यासाठी आलो ती कुठे आहे ते बघायची, मग ती आजारी असो, म्हातारी असो, नाहीतर शेंबडं पोर असो, तिलाच विचारायची, "हांव बसूं?" आणि खरंच उत्तराची वाट बघायची. लोक हसायचे. आम्हीही हसायचो, खोटं कशाला सांगू.

बाय गोव्याची. तिथल्या एका संस्थेने आमच्या मालवणकडच्या बायकांना समाजसेवेचं रीतसर शिक्षण द्यायचं ठरवलं आणि हिला धाडली. एसटीने यायची. हद्दीवरच्या इन्सुलीच्या नाक्यावर पोलीस पिशवी उघडायला लावायचे. गोव्याच्या पिशवीत लोक काय आणतात ते सगळ्यांना ठाऊक, पण हिच्या पिशवीत स्केचपेनं आणि कापडावरची चित्रं. आम्हाला वाटायचं, दुसऱ्याच्या उपयोगी पडायला शिकायचं काय असतं? घरात शिरणाऱ्यानेही शिकावं लागतं, हे बायचं ठरलेलं. "नर्स शिकता, मास्तर शिकता. दुसऱ्याच्या घरांत शिरपी मनशान शिकूंक नाका?"

एकदा ती आमच्या जत्रेला आली. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं कसं घालतात ते ठाऊक आहे ना? ज्याचं दुखणं तो नारळ घेऊन मुकाट उभा, बोलतो तो गावकर, आणि बाकीचे सगळे 'व्हय महाराजा' म्हणतात. बायने ते शांतपणे बघितलं. पुढच्या बैठकीत म्हणाली, तुम्ही घरोघरी जाऊन हेच करता. "देव न सांगतां जाणा. तुमी जाणात?"

आम्ही मान डोलावली. आणि चंद्राक्काच्या वेळी नेमकं तेच केलं.

चंद्राक्का मालवणच्या बाजारात मासे विकायची. तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. पावसात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण जमिनीवर बसणं संपलं. मुलगा बाळू गोव्यात म्हापशाला हॉटेलात कामाला. चांगला मुलगा, आईला घेऊन जायला तयार. आम्ही बायकांनी सगळं जमवलं. बाळूशी बोललो, सुनेची समजूत काढली, संस्थेची गाडीसुद्धा मागवली. पहिलं काम फत्ते म्हणून आम्ही खूश. गाडीबरोबर बाय आली, खळ्यात उभी राहिली आणि खाटेवरच्या चंद्राक्काला तिने विचारलं, "हांव बसूं?" मग जवळ बसून विचारलं, तुला काय हवं?

चंद्राक्का म्हणाली, "माका बाजारात बसाचा आसा. म्हापशाक जावन काय करू? थंय माका कोण वळाखता? हंय भांडाक तरी माणसा आसत."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. कंबर मोडलेली बाई बाजारात कशी बसणार? बाय मात्र पुढचं विचारू लागली. किती उंचीवर बसता येईल, रिक्षात चढता येईल का, मासे कोण उचलून देईल. गाडी रिकामी परत गेली. आईला न्यायला आलेला बाळू ओटीवर बसून डोळे पुसत होता. लोक काय म्हणतील, आईला टाकली म्हणतील. बाय त्याच्याजवळही बराच वेळ बसली.

रिक्षा ठरली, उंच खुर्ची आली. अडलं बाजारात. कोळणी सगळ्या खाली पाटावर बसतात. त्यांनी कालवा केला, ही खुर्चेर बसली काय गिऱ्हाईक आधी तिचाच म्हावरा बघतला. मी मध्ये बोलायला उठले तर बायने माझा पदर धरून मला खाली बसवलं. म्हणाली, चंद्राक्काचं चंद्राक्काच बघून घेईल.

चंद्राक्काने बघून घेतलं. "तुमी पन कंबर मोडून घेवा, मगे बसा खुर्चेर." एक हसली, मग दुसरी. शेवटी ओळीच्या टोकाला खांबाशी तिला जागा मिळाली.

संस्थेने ठरवलेली मुदत संपली तेव्हा आम्ही बायसाठी शाल-श्रीफळ आणलं होतं. ती म्हणाली, आधी बाजारात जाऊन येऊ. गर्दीची वेळ होती. बाय चंद्राक्कापुढे उभी राहिली, बांगड्यांच्या एका वाट्यावर बोट ठेवून म्हणाली, "बाये, इल्लें कमी कर गो."

चंद्राक्काने मान वर केली. ओळखलं तिने, चांगलंच ओळखलं. म्हणाली, "गोंयात सस्ते गावतत तर थंयच घे. धंद्याच्या टायमाक माजो जीव खाव नको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काही बोलणार तोच बायने माझा हात दाबला. सांगितले तेवढे पैसे दिले, बांगडे पिशवीत घातले. चंद्राक्का तोवर पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलू लागली होती.

स्टँडवर शाल तिने घाईघाईत घेतली, नारळ मलाच ठेवायला सांगितला. बांगड्यांची पिशवी मात्र कुणाला धरू देईना. कंडक्टर कुरकुरला, मावशी, माशांचा वास मारतो, पिशवी सीटखाली ठेवा. बाय ऐकून न ऐकल्यासारखी खिडकीतून आमच्याकडे बघून हसत होती. पिशवी मांडीवरच होती.