ते आपले कस्टमर नाहीत

मेधाताईंनी कंट्रोलर पुसला.

माझ्या मुलीने तो नुकताच खाली ठेवला होता. मेधाताईंनी डब्यातून ओला टिश्यू ओढला. दोन्ही मुठी पुसल्या, बटणं पुसली, कडेची फट नखाने दाबून पुसली. मग तो पुढच्या मुलाच्या हातात दिला. म्हणाल्या, "घे बेटा, खेळ."

त्याआधी खोलीतली बरीच पोरं खेळून झाली होती. एकाच्या बोटांना चकलीचं तेल होतं. एकीला सर्दी, ती बाहीला नाक पुसत खेळत होती. तेव्हा टिश्यूचा डबा टीपॉयवर तसाच पडून होता. माझी मित्रा खेळली आणि डबा उघडला.

मित्रा नऊ वर्षांची. तिने पाहिलं. तिने पाहिलेलं मी पाहिलं.

ते घर अमेरिकेत, एडिसनमधलं. शिरीषचं. शिरीष माझा मॅनेजर, मेधाताई त्याची बायको. आमची कंपनी व्हिडिओ गेमचे कन्सोल बनवते. नवा कन्सोल बाजारात यायला महिना होता, आणि टीममधल्या मराठी घरांतल्या मुलांना आधी खेळायला मिळावं म्हणून शिरीषने सगळ्यांना बेसमेंटमध्ये बोलावलं होतं. याआधीही दोनदा आम्ही त्याच्याकडे गेलो होतो. तेव्हा मेधाताईंनीच मित्राला मांडीवर घेऊन भरवलं होतं.

मग आता काय बदललं? ते सांगते.

आमच्या टीमचं काम किंमत ठरवण्याचं. कन्सोलचा डबा तोच, पण प्रत्येक देशात त्याची किंमत वेगळी. ड्युटी, टॅक्स, वाहतूक, आणि तिथला माणूस किती देऊ शकेल याचा अंदाज. भारत माझ्याकडे होता. भारतातली किंमत अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त निघत होती. पगार कमी, किंमत जास्त. मी मीटिंगमध्ये म्हटलं, एक साधं मॉडेल स्वस्तात आणू. आणि गल्लीतल्या गेम पार्लरवाल्यांना तो चालवायची परवानगी देऊ. तिथे पोरं तासावर खेळतात. ज्यांना विकत घेणं जन्मात जमणार नाही, ती निदान खेळतील तरी.

शिरीष हसला. म्हणाला, "ते आपले कस्टमर नाहीत. आपले कस्टमर म्हणजे बाणेर, पवई, आपल्या भावा-बहिणींची घरं. हा डबा वस्तीत दिसला की ब्रँड गेला."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. गोऱ्यांनी डोलावल्या, कारण त्यांना वाटलं हा भारतातला, याला माहीत असणार.

मी म्हटलं, "मी त्या वस्तीतलीच आहे."

आणि सांगितलं. बाबा गेले तेव्हा मी नागपुरात शाळेत होते. आईने पुढच्या खोलीत जुना टीव्ही मांडला, त्याला एक नकली कन्सोल जोडला आणि पोरांना तासावर खेळायला द्यायला लागली. अंगठाछाप बाई. पण कुठल्या गेममध्ये कुठला पोरगा अडकलाय हे तिला ठाऊक असायचं. पडद्यामागे बसून मी अभ्यास करायचे. बंदुकांचे आवाज, गाड्यांचे आवाज, पोरांच्या शिव्या. त्याच खोलीवर मी इंजिनिअर झाले. म्हणून मी या कंपनीत आले. दुसऱ्या कुठल्या कारणाने नाही.

शिरीष म्हणाला, "इंटरेस्टिंग! नागपुरात कुठे?"

"इंदोरा."

तो पुण्याचा. त्याला त्यातून काही कळलं नाही. उलट खूश झाला. "अरे, मेधा पण नागपूरची! धरमपेठ. तिला सांगतो."

त्याने सांगितलं.

माझं आडनाव 'कर'ने संपतं. त्यावरून लोक त्यांना हवं ते समजतात. आमच्या वस्तीचं नाव मात्र धरमपेठेतल्या माणसासमोर घेतलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. मेधाताईंनीही विचारलं नाही. त्यांनी टिश्यू काढला.

बेसमेंटमध्ये गाण्याबिण्याचा गोंधळ होता. स्क्रीनवर कुणाची तरी गाडी भिंतीवर आपटत होती. मी उठले.

"मेधाताई, आत्ताच का पुसलात?"

"अगं, हायजीन. लहान मुलं आहेत."

"मग आधी का नाही पुसलात? इतकी पोरं खेळली की."

त्या मान खाली घालून टिश्यूची घडी करत राहिल्या. ती घडी बघून मला खात्री पटली. चूक नसती तर बाई भांडली असती.

शिरीषने हवेत हात उडवला. "यार, ती डेंटिस्ट आहे. दिवसभर सगळं पुसतच असते. तू पण ना!"

लोक हसले. सुटल्यासारखे हसले. ज्यांच्या मुलीला सर्दी होती ते दोघंही हसले. मला वाटत होतं, एखादा तरी म्हणेल की आमच्या पोरीच्या वेळी नव्हतं पुसलं. कुणीच म्हणालं नाही. बघितलं सगळ्यांनी. बघून कुणालाच काही दिसलं नाही.

माझा नवरा प्रमोद जिन्याखाली बूट शोधायला लागला.

गाडीत मित्राने आपले दोन्ही तळवे उलटेसुलटे करून पाहिले. मग म्हणाली, "मॉम, वेअर माय हँड्स डर्टी?"

मी म्हटलं, "नाही."

"देन व्हाय?"

मी वाटेत आयसेलिनच्या देशी बाजारात मिठाईच्या दुकानापुढे गाडी थांबवली. समोर साड्यांची दुकानं, दिवे, पाणीपुरीची रांग. सगळी आपली माणसं. आणि तिथे बसून मी माझ्या मुलीला जात म्हणजे काय ते सांगितलं. आईला विहिरीवर काय ऐकावं लागलं, बाबांना गावात कुठून चालावं लागलं, आम्ही बौद्ध का झालो, तिचं नाव संघमित्रा का ठेवलं. मराठीत सांगितलं. इंग्रजीत मला ते सांगताच येईना.

मला वाटलं होतं, हे तिला कधी सांगावं लागणार नाही. इतका मोठा समुद्र ओलांडून आलो होतो.

ती म्हणाली, "दॅट्स सो स्टुपिड." पण घर येईपर्यंत तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

मी तक्रार केली. प्रमोद म्हणाला, "आपलं ग्रीन कार्ड याच कंपनीतून चाललंय. कशाला?" घाबरट नाही तो. त्याला कागदपत्रं माहीत आहेत, एवढंच. पण मला सारखे ते मांडीखालचे हात दिसत होते.

एचआरची बाई भली होती. तिने पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. शेवटी खरोखर न समजून विचारलं, "पण तुम्ही दोघंही इंडियनच ना?" माझ्या आज्या-पणज्यांचं सगळं जगणं एका बाईला अर्ध्या तासात पटवून द्यायचं. जमलं नाही. ती म्हणाली, घटना ऑफिसबाहेरची आहे, त्या बाई आमच्या कर्मचारी नाहीत. फाइल उघडी ठेवते. इतकंच.

पुढच्या आठवड्यात भारत माझ्याकडून गेला. मला केबल आणि कव्हरच्या टीममध्ये टाकलं. "फ्रेश स्टार्ट", शिरीष म्हणाला. मराठी घरांतून बोलावणी थांबली. मित्राच्या दोन मैत्रिणींचे वाढदिवस तिच्याशिवाय झाले, ते तिला शाळेत कळलं.

आणि कन्सोल बाजारात आला. ऑफिसात केक, फुगे, मोठ्या पडद्यावर एकेक देशाची किंमत. भारताची आली तेव्हा टाळ्या पडल्या. अमेरिकेच्या कितीतरी वर. साधं मॉडेल नाही. खाली बारीक अक्षरात: पार्लरमध्ये किंवा धंद्यासाठी वापरायला मनाई. ते वाक्य आधी नव्हतं. माझ्या सूचनेवरून नियम झाला होता, उलटा.

केक कापून झाल्यावर शिरीषने मला काचेच्या खोलीत बोलावलं. आवाज मऊ.

"हे बघ, तुझ्या ग्रीन कार्डचा पुढचा टप्पा आहे. रोल बदललाय, त्यामुळे लीगलवाले म्हणतात पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. पण मी बोलू शकतो. तू फक्त एचआरला एक ओळ लिही. गैरसमज झाला होता म्हणून. मेधा झोपत नाही गं. तिला फार लागलंय."

तिला लागलंय.

काचेबाहेर लोक केक खात होते. कुणीतरी आम्हा दोघांकडे बघून शाबासकीचा अंगठा वर केला.

एक ओळ. मी ती लिहिली असती तर मित्रा इथे वाढली असती. प्रमोदने सुटकेचा श्वास सोडला असता. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या दिसलं. आणि आमची जुनी माणसंही दिसली. चूक त्यांची नसायची, आणि दर वेळी 'माफी द्या मायबाप' तीच म्हणायची. वाकलेली. वाकून वाकून तशीच मेलेली.

मी म्हटलं, "गैरसमज झाला नव्हता, शिरीष. मला नीट समजलं होतं."

"नीट विचार कर. मुलीचा तरी."

"तिचाच करतेय."

कागद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले नाहीत. लीगलचं उत्तर आलं, सध्या शक्य नाही. व्हिसा संपत आलाय. प्रमोद घराच्या भाड्याचा करार वाढवत नाहीये. मित्राला अजून सांगितलेलं नाही की कदाचित जावं लागेल, अशा देशात, जिथे तिला भाषा अर्धीच येते आणि जात पुरती विचारली जाईल. कोर्टात जायचं तर वकील म्हणतो, केस कच्ची आहे. साक्षीला कोण येणार? कुणीही नाही. मला माहीत आहे.

जिंकणार नाही मी.

तरीही तक्रार मागे घेणार नाही. इथून हाकललं तर तिथून चालवीन. साक्षीदार नसेल तर मी एकटी बोलेन, ऐकणारा नसेल तरी बोलेन. माफीची ती ओळ माझ्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या लिहिली गेली. माझ्या हातून लिहिली जाणार नाही.